स्कॉटलंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचंय: रस्ता कसा आखू?

खिडकीतली_जागा
मंडळी, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही स्कॉटलंडला जातोय. माणसं चार: आम्ही दोघं, तेरा वर्षांचा लेक आणि गुडघ्यांनी संप पुकारलेल्या सासूबाई. मुंबईहून एडिंबरा, तिथूनच परत. मुक्काम नऊ रात्री. गाडी नवरा चालवणार, नकाशा माझ्या मांडीवर. आमच्याकडे आजवरची वाटणी हीच आहे, भांडणंही त्यावरूनच होतात.

आत्ताचा आराखडा असा: एडिंबरा दोन रात्री, मग इन्व्हरनेस, तिथून ते प्रसिद्ध नॉर्थ कोस्ट ५०० तीन दिवसांत पूर्ण, मग एक रात्र स्काय बेटावर, एक ग्लेनकोला, शेवटी ग्लासगो आणि परत एडिंबरा. गूगलवर रोजचे तास मांडून एक्सेल केलंय. कुठल्याच दिवशी साडेपाच तासांच्या वर जात नाही, म्हणजे पुणे-गोव्याहून कमीच.

तरी काहीतरी खटकतंय. फोर्ट विल्यमहून स्कायला जायचे गूगल मला तीन वेगळे रस्ते दाखवतं. त्यातल्या दोन रस्त्यांत मध्येच पाणी आहे आणि निळी तुटक रेघ. शिवाय ‘सिंगल ट्रॅक’, म्हणजे एकाच गाडीच्या रुंदीच्या रस्त्यांबद्दल इतकं भीतीदायक वाचलंय की नवऱ्याला अजून सांगितलंच नाही. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी कृपया झोडपावं.

ग्लासगोवाला
झोडपतो. नॉर्थ कोस्ट ५०० म्हणजे ५१६ मैल, सुमारे ८३० किलोमीटर. इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिम किनाऱ्याला जाऊन वर टोकापर्यंत आणि पूर्वेकडून खाली परत. २०१५ मध्ये हे नाव देऊन त्याची जाहिरात झाली. रस्ते त्याच्या कितीतरी आधीचे आहेत आणि रुंदीही तेव्हाचीच आहे. तीन दिवसांत होतं, नाही असं नाही. पण तुम्ही सगळं काचेतून बघाल आणि नवरा तेवढंही बघणार नाही.

गूगलचे तास खोटे नसतात. फक्त ते न थांबणाऱ्या माणसाचे असतात. माझा इथला हिशेब सांगतो: दुपदरी रस्ता असेल तर ताशी ४० मैल धरा, एकपदरी असेल तर २० ते २५. मग त्यात चहा, फोटो आणि सासूबाईंचे गुडघे मिळवा.

आणि एक फसवणूक लक्षात ठेवा. इथे रस्त्याच्या नंबरातला ‘ए’ हा महत्त्व सांगतो, रुंदी सांगत नाही. ए ९ वर तुम्ही सत्तरच्या वेगाने जाल आणि ए ८९६ वर समोरून मेंढी आली तरी थांबावं लागेल. दोन्ही ‘ए’च.

माझं मत: नॉर्थ कोस्ट पूर्ण काढून टाका. स्कायला एक रात्र म्हणजे जाऊन पाटी बघून येणं, तिथे तीन द्या.

चकलीचा_साचा
ग्लासगोवाल्यांशी असहमत. आम्ही गेलो होतो तेव्हा उत्तर किनाराच सगळ्यात आवडला. अकमेल्विकचा पांढरा समुद्रकिनारा, डर्नेसची स्मू गुहा, तासन्‌तास माणूस नाही. उलट स्कायला पार्किंगसाठी गाड्या घिरट्या घालत होत्या. मी तर म्हणेन स्काय वगळा आणि नॉर्थ कोस्ट पाच दिवसांत निवांत करा.

ग्लासगोवाला
@चकलीचा_साचा, तुमचं म्हणणं चूक नाही, पण त्यांच्या गाडीत कोण आहे ते बघा. उत्तर किनाऱ्यावर दोन शौचालयांमधलं अंतर हा खरा प्रश्न आहे. आणि पाच दिवस रोज नवा मुक्काम, रोज बॅगा उतरवा-चढवा.

ओलीसुकी
शौचालयाच्या मुद्द्याला +१०. माझी आई आली होती तेव्हा मी आधी शौचालयं नकाशावर मांडली आणि मग प्रेक्षणीय स्थळं. हसू नका. हायलंड म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागात काही हॉटेलं आणि दुकानं पालिकेच्या योजनेतून आपली शौचालयं सगळ्यांना वापरू देतात, दारावर तशी खूण असते. सार्वजनिक शौचालयाला सुटे पैसे किंवा कार्ड लागू शकतं.

दुसरं जेवण. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं. मे महिन्यात उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं अजून संध्याकाळच आहे, आणि नऊ वाजता पोचल्यावर शेंगदाण्याचं पाकीट मिळतं. म्हणून दिवसाचा शेवट जेवणावरून आखा, सूर्यास्तावरून नको.

खिडकीतली_जागा
घरात चर्चा झाली. लेकाला फक्त ग्लेनफिननच्या पुलावरून जाणारी वाफेची गाडी बघायची आहे, बाकी कुठेही न्या. सासूबाईंचं म्हणणं, ‘मला डोंगर बसल्या जागी दिसला पाहिजे.’ नवऱ्याला ‘एक तरी घाट’ हवाय. तेव्हा नॉर्थ कोस्ट गेला. चकलीताई, पुढच्या वेळी नक्की.

आता फोर्ट विल्यम ते स्कायचं कोडं कोणी सोडवेल का?

ग्लासगोवाला
हे महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला रस्ता पूर्ण जमिनीवरचा. फोर्ट विल्यमहून ए ८२ ने उत्तरेला, स्पीन ब्रिजवरून इन्व्हरगॅरी. तिथे डावीकडे ए ८७ धरायचा आणि तो थेट स्कायपर्यंत सोडायचा नाही. वाटेत क्लुअनीचा जलाशय, ग्लेन शील ही खोल दरी, मग डॉर्नीला पाण्यातला आयलीन डोनन किल्ला, आणि काइल ऑफ लॉखाल्शहून पूल. पूल १९९५ ला झाला, पूर्वी टोल होता, २००४ च्या शेवटी बंद झाला. पोर्ट्रीपर्यंत, म्हणजे स्कायच्या मुख्य गावापर्यंत, सलग दुपदरी रस्ता. न थांबता पावणेतीन तास, म्हणजे तुमचे साडेचार.

दुसरा ए ८३० ने मॅलेगला जाऊन आर्माडेलची बोट. ही मोठी बोट आहे, गाडी आत जाते, पाऊण तासाच्या आत पलीकडे. रस्ता आता पूर्ण दुपदरी आहे. उन्हाळ्यात गाडीची जागा आधी आरक्षित करावीच लागते. आयत्या वेळी धक्क्यावर उभं राहून ‘ॲडजस्ट करा’ चालत नाही.

तिसरा रस्ता गूगलला का आवडतो देव जाणे. शील ब्रिजला ए ८७ सोडून मॅम रॅटॅगनची खिंड चढायची, ग्लेनेल्गला उतरायचं आणि तिथून काइलरियाला छोटी बोट. या बोटीवर जेमतेम सहा गाड्या मावतात आणि तिचा डेक माणसं हातांनी ढकलून फिरवतात, म्हणजे गाडी सरळ चढते आणि सरळच उतरते. अशी हाताने फिरवायची जगात ही शेवटची. ईस्टर ते ऑक्टोबर चालते. बघण्यासारखी आहे यात शंका नाही. पण दोन्ही तीरांवरचा रस्ता अरुंद आहे, आणि ती बंद असेल तर आलात तसे खिंड चढून परत. लांबच्या प्रवासाच्या दिवशी नको.

तुमच्यासाठी उत्तर सरळ दिसतंय. ग्लेनफिनन हे फोर्ट विल्यम ते मॅलेगच्या वाटेवरच आहे. सकाळी लेकाची गाडी बघा, दुपारची बोट धरा, स्कायहून परतताना पुलाने या. स्कायच्या आतला टप्पा सोडला तर एकही रस्ता दोनदा होत नाही आणि आयलीन डोनन परतीच्या वाटेवर मिळतो. गूगलमध्ये बोटी टाळायचा पर्याय असतो. तो एकदा लावून आणि एकदा काढून दोन्ही रस्ते बघा, म्हणजे निळ्या रेघेचं गौडबंगाल सुटेल.

खिडकीतली_जागा
अरे वा! हे एक्सेलला सुचलंच नसतं. त्या ग्लेनफिननच्या पार्किंगचं काय?

ओलीसुकी
गाडी पुलावरून जायच्या तासभर आधी पार्किंग भरलेलं असतं. सकाळची फेरी फोर्ट विल्यमहून निघते, त्या वर्षीचं वेळापत्रक बघून मगच दिवस ठरवा. रस्त्याच्या कडेला लावू नका, दंड होतो आणि गावकरी वैतागलेले आहेत. सासूबाईंना अभ्यागत केंद्राजवळ बसवा, तिथून पुलाच्या एकवीस कमानी दिसतात. लेकाला वर टेकाडावर पाठवा.

पंक्चरकाका
रस्त्याचं बोलून झालं असेल तर गाडीचं बोलू. रस्ता कसला निवडता यापेक्षा त्यावर काय घेऊन जाता हे मोठं.

तिथे भाड्याच्या बऱ्याचशा गाड्या गिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी तर आरक्षणातच तसं लिहा, महाग पडते. स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला, आपल्यासारखंच, त्यामुळे मुंबई-पुण्यात गिअरची गाडी चालवणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात. आपला लायसन्स बाहेरून आलेल्या पाहुण्याला बारा महिने चालतो. आंतरराष्ट्रीय परमिट कायद्याने सक्तीचं नाही, पण काही कंपन्या मागतात, म्हणून कंपनीच्या अटी वाचा आणि वाटलं तर आरटीओतून काढून घ्या. डिपॉझिटला चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स, काउंटरवर वाजलेच बारा.

आता माझी तक्रार. मी छोटी हॅचबॅक नोंदवली होती. काउंटरवरच्या मुलाने हसतमुखाने ‘फुकट अपग्रेड’ म्हणून भलीमोठी एसयूव्ही गळ्यात मारली. हायवेला राजेशाही, पण स्कायच्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना वीतभर जागा. फुकट मोठी गाडी मिळाली तर नको म्हणा, मला नोंदवलेलीच द्या म्हणा. चार माणसं आणि दोन मोठ्या बॅगा मध्यम गाडीत बसतात.

टायर आणि काच विम्यात आहे का हे विचारा. बऱ्याचदा नसते, आणि हायलंडमध्ये जातं ते नेमकं टायरच. डांबराची कड तुटलेली असते, त्याखाली खड्डा आणि पुढे दलदल. चाक उतरलं की टायरची बाजू फाटते.

आणि पंपावर: हिरवी नळी पेट्रोल, काळी डिझेल. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या.

निमकर_नाहीच
काका, तुमच्या नावाला जागलात.

डोंगरखाच
सह्याद्रीत टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारा नकाशा) घेऊन फिरणाऱ्यांसाठी हा देश म्हणजे मेजवानी. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेचे १:५०,००० चे नकाशे मिळतात, गुलाबी कव्हरचे. आपल्या टोपोशीटचंच प्रमाण, पण समोच्च रेषा (सारखी उंची जोडणाऱ्या) १० मीटरवर, आपल्याकडे २० वर. गाडीवाल्यांच्या कामाचं त्यात दोन गोष्टी आहेत. अरुंद, ‘पासिंग प्लेस’वाला (समोरच्याला वाट द्यायला जागा असलेला) रस्ता तुटक रंगाने दाखवतात, म्हणजे घरबसल्या कळतं की दिवसातला किती भाग एकपदरी आहे. आणि तीव्र चढावर बाण असतो: एक बाण म्हणजे साधारण १ ला ७ (सात मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ) पासून १ ला ५ पर्यंत, दोन बाण म्हणजे त्याहून खडा. बाणाचं टोक उताराकडे.

@खिडकीतली_जागा, एक्सेलमध्ये तासांच्या शेजारी ‘किती मैल एकपदरी’ असा रकाना टाका. तुमचं ते ‘काहीतरी खटकतंय’ तिथे आकड्यात दिसेल.

खिडकीतली_जागा
टाकला रकाना! जुन्या आराखड्यातल्या एका दिवशी जवळजवळ पूर्ण दिवस एकपदरी निघाला. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, ‘तू मला हे आधी सांगणार होतीस की तिथे गेल्यावर?’

बरं, आता कोणीतरी त्या पासिंग प्लेसचं नीट सांगा. नियम वाचलाय, पण डोळ्यासमोर येत नाही.

ओलीसुकी
समोर आणते. एका गाडीच्या रुंदीचा डांबरी रस्ता, दोन्हीकडे गवत. दर शे-दोनशे मीटरवर रस्ता एका बाजूला पोट काढतो, तिथे खांबावर पांढरी पाटी. तुम्ही चाललाय, लांबून समोर डाक विभागाची लाल व्हॅन येताना दिसते. तुमच्या आणि तिच्या मधल्या पाट्या बघा. तुमच्या जवळची फुगवटी डावीकडे असेल तर आत शिरून थांबा. उजवीकडे असेल तर आत जायचं नाही! त्या फुगवटीच्या समोर, आपल्या डाव्या कडेलाच थांबायचं. व्हॅन त्या पोटात वळून तुम्हाला वळसा घालून जाते. आपला माणूस इथेच चुकतो, जागा दिसली की उजवीकडे घुसतो आणि मग दोघंही अडकतात.

दोघांनी दिवा दाखवला तर गोंधळ होतो, म्हणून आधी थांबेल त्याचं काम झालं. जाणारा हात वर करतो, तुम्हीही करा. स्टिअरिंगवरची चार बोटं उचलली तरी पुरतं. चढ असेल तर चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्यासारखंच.

आणि मागे गाडी आली तर? तीच जागा वापरून तिला पुढे जाऊ द्या. तिथे राहणाऱ्या माणसाला शाळेत, दवाखान्यात वेळेवर पोचायचं असतं, तुम्हाला मेंढ्यांचे फोटो काढायचे असतात. फोटोसाठी त्या जागेत गाडी लावणं मात्र गावकऱ्यांच्या दृष्टीने मोठाच अपराध.

नकाशा धरणारीला यात काम आहे. ‘पुढे डावीकडे एक, समोरून पांढरी गाडी’ असं बोलत राहा. चालकाची नजर जवळ असते, तुझी लांब राहू दे.

चकलीचा_साचा
हे भारी लिहिलंय. वाचनखूण साठवली. (माझा नवरा अजूनही पुण्यात समोरच्याला चार बोटं उचलतो, कोणी ओळख देत नाही.)

निमकर_नाहीच
नवरोबांच्या घाटाचं काय झालं? बेलाख ना बा सुचवतो. स्कायच्या समोर, मुख्य भूमीवर, अ‍ॅपलक्रॉसला जाणारी खिंड. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरवर नेते, वरच्या टप्प्यात केसाच्या पिनेसारखी वळणं. खाली मोठी पाटीच आहे: शिकाऊ चालक, कॅरव्हॅन आणि फार मोठ्या गाड्यांनी जाऊ नये.

पंक्चरकाका
वरंधा घाट चालवणाऱ्याला त्यात चढ-वळणांची भीती नाही. भीती आहे ती समोरून येणाऱ्या, रिव्हर्स न येणाऱ्या कॅम्परव्हॅनची.

ग्लासगोवाला
काकांशी शंभर टक्के सहमत. जायचं तर सकाळी नऊच्या आत पायथ्याशी. ढग खाली असतील तर सोडून द्या, वर दुधाच्या पिशवीत शिरल्यासारखं होतं, दिसत काही नाही. अ‍ॅपलक्रॉसहून परतायला शील्डेगकडून किनाऱ्याचा रस्ता आहे, लांब पण सौम्य. सासूबाईंना विचारून ठरवा, त्यांची बाजू दरीकडची असेल.

वाटेवर स्ट्रोमफेरी नावाचं गाव लागतं. फाट्यावरच्या पाटीवर गावाच्या नावाखालीच ‘फेरी नाही’ असं लिहिलंय. बोट १९७० ला बंद झाली, रस्ता आला. लेकाला फोटो काढू दे.

खिडकीतली_जागा
घाट ‘हवामान बघून’ या रकान्यात गेला. सासूबाई म्हणाल्या, ‘मी डोळे मिटून घेईन, तुम्ही जा.’ पण मग डोंगर बसल्या जागी कसा दिसणार, यावर उत्तर आलेलं नाही.

दिशांबद्दल एक प्रश्न राहिला. मुक्कामांचे पत्ते पिनकोडसह आलेत. तेवढा टाकला की पुरेल ना?

ग्लासगोवाला
शहरात पुरेल. तिथला पोस्टकोड म्हणजे पाच-पंधरा घरं. हायलंडमध्ये तोच कोड मैलोन्‌मैल पसरलेला असतो. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना फोनने एका मेंढ्यांच्या कुंपणापाशी आणून ‘आपण पोचला आहात’ म्हणून सांगितलं होतं. मालकाला लिहून अक्षांश-रेखांश मागवा किंवा नकाशावर पिन मागवा. ‘लाल पत्र्याच्या शेडनंतर दुसरं फाटक’ असं उत्तर आलं तर ते सगळ्यात भरवशाचं समजा.

गावांची नावं जुळी असतात, ही दुसरी खोच. लॉख लोमंडच्या काठावर टार्बेट आहे. किंटायरच्या द्वीपकल्पावर टार्बर्ट आहे. हॅरिस बेटावर टार्बर्ट आहे, तिथे स्कायच्या उईगहून बोट जाते. वर सदरलंडमध्ये आणखी एक टार्बेट. फोनमध्ये तीन अक्षरं टाकून पहिलं येईल ते दाबलं की दिवस गेला. गाव निवडल्यावर पूर्ण रस्ता लहान करून एकदा डोळ्याखालून घाला, दिशा पटते का ते बघा.

डोंगरखाच
यात भर. फोनच्या आवाजावर जाऊ नका, गेलिक (तिथली जुनी भाषा) नावांचं तो काय करतो ते ऐकून तिथली माणसं हसतात. पाट्यांवर नावं दोन भाषांत असतात, ऐन वळणावर वाचायला वेळ नसतो. रस्त्याचा नंबर धरा. ‘इन्व्हरगॅरीला ए ८२ सोडून ए ८७’ एवढंच चालकाला सांगा.

पाटीवर नंबर कंसात असेल तर त्याचा अर्थ हा रस्ता तो नाही, पुढे त्या रस्त्याला नेतो. हिरवी पाटी मुख्य मार्गाची, पांढरी दुय्यम, निळी मोटरवेची, तपकिरी प्रेक्षणीय स्थळांची. गोल चौकाच्या आधी मोठी पाटी येते, त्यावर चौकाचं चित्र आणि प्रत्येक फाट्यावर नंबर. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. फाटा चुकला तर मध्येच ब्रेक मारू नका, पूर्ण फेरी मारा आणि पुन्हा या. कोणी काही म्हणत नाही.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून ठेवा. दऱ्यांत रेंज जाते. मात्र उतरवलेल्या नकाशाला आज बंद पडलेला रस्ता माहीत नसतो, म्हणून सकाळी हॉटेलच्या वायफायवर ट्रॅफिक स्कॉटलंडचं संकेतस्थळ उघडून बघा.

निमकर_नाहीच
फोन किलोमीटरवर ठेवायचा की मैलांवर? बायको आणि माझ्यात यावर एकमत नाही.

डोंगरखाच
मैलांवर. पाट्या मैलात, गाडीचा काटा मैलात, वेगमर्यादा मैलात. फोन एकटा किलोमीटरमध्ये बोलला की प्रत्येक वळणावर गुणाकार. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली तर ‘मर्यादा नाही’ असं समजू नका. मोटार असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०, मध्ये दुभाजक असेल तर ७०, असा त्याचा अर्थ. गावात ३०, हल्ली बऱ्याच ठिकाणी २०.

खिडकीतली_जागा
हा नवा आराखडा. शेवटचं झोडपून घ्या.

एडिंबरा दोन रात्री, गाडीशिवाय. नंतर विमानतळावरूनच गाडी घ्यायची म्हणजे शहरात शिरायलाच नको. स्टर्लिंगवरून कॅलंडर, क्रिअनलॅरिक, टिंड्रम आणि रॅनॉख मूर ओलांडून ग्लेनको, तिथे बॅलहुलिशला दोन रात्री. मग ग्लेनफिनन, मॅलेग, बोट, आणि पोर्ट्रीला तीन रात्री. परत पुलाने, आयलीन डोनन बघून लॉख नेसच्या काठाने ड्रमनाड्रॉकिट, एक रात्र. शेवटची पिटलॉक्रीला आणि दुसऱ्या दिवशी गाडी विमानतळावर परत. ग्लासगो कटाप, ग्लासगोवाल्यांची क्षमा मागून.

ग्लासगोवाला
क्षमा आहे. उत्तम झालाय. थोडी डागडुजी:

लांब विमानप्रवासानंतर लगेच गाडी घेत नाही आहात, हे सगळ्यात बरं. त्या पहिल्या दिवशी स्टर्लिंगच्या अलीकडे फॉलकर्कला केल्पीज आहेत, तीस मीटर उंचीची पोलादी घोड्यांची डोकी. मोटरवेवरूनही दिसतात. सासूबाईंच्या अटीत बसतात.

स्कायला ट्रॉटर्निश द्वीपकल्पाची फेरी पोर्ट्रीहून घड्याळाच्या उलट करा. आधी ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका, सकाळी कडे उजळलेले असतात आणि पार्किंगही मिळतं. मग किल्ट रॉकचा धबधबा, तो गाडीतून उतरून पन्नास पावलांवर. स्टॅफिनहून क्विरेंगच्या कड्यांकडे वळायचं तर तो एकपदरी आणि वळणांचा रस्ता. वरच्या पार्किंगपासूनच दृश्य सुरू होतं, चालावं लागत नाही. फेअरी पूल्सचे डोह मात्र सासूबाईंसाठी नको, चालणं खडबडीत आहे.

ए ९ वर डनब्लेनपासून इन्व्हरनेसपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेरा दिसला की हळू आणि पुढे पळ, हे तिथे चालत नाही. शिवाय तो रस्ता कुठे दुभाजकाचा, कुठे साधा, आणि बदल पटकन होतो. ओव्हरटेक करताना आपण कुठल्या भागात आहोत हे नकाशावालीने सांगत राहावं.

टॅलिस्करच्या व्हिस्की कारखान्यात थांबणार असाल तर चालकाने चव घ्यायची नाही. स्कॉटलंडची मर्यादा २०१४ पासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कमी. चालक आहे म्हणून सांगितलं की बऱ्याच ठिकाणी छोट्या बाटलीत बांधून देतात.

पंक्चरकाका
पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. पोर्ट्रीला भरून घ्या, पुढच्या खेड्यात पंप असेलच असं नाही, आणि असला तर माणूस नसतो, कार्ड लावून स्वतः भरायचं. तेव्हा पंप कार्डावर मोठी रक्कम काही काळ अडकवून ठेवतो, घाबरू नका.

तुळशीवृंदावन
उशिरा आले, पण विचारते. आम्हाला दिवाळीच्या सुट्टीतच जमतं. हाच आराखडा चालेल का?

ओलीसुकी
हाच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यानंतर स्कायला साडेचारच्या आसपास अंधार. म्हणजे बाहेर फिरायला सात-आठ तास, त्यात पाऊस. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, अंधारात एकपदरी रस्ता चालवू नये. छोटी ग्लेनेल्गची बोट तेव्हा बंद, हॉटेलंही काही बंद. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर रंग सुंदर असतात, नाहीतर मुक्काम दोनच ठेवा: एक ग्लेनको, एक इन्व्हरनेस, आणि रोज दुपारी तीनला परतीला लागा.

तुळशीवृंदावन
यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. मग मेच बघते. त्या चिलटांचा त्रास असतो म्हणतात ना?

ओलीसुकी
मे अखेरपासून सुरू, सप्टेंबरपर्यंत. वारा नसला की जास्त. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमव, फक्त महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिथे सुट्टीचा, त्या शनिवार-रविवारी स्काय टाळ.

खिडकीतली_जागा
मॅलेगच्या बोटीत गाडीची जागा मिळाली, दुपारची. बॅलहुलिशच्या बाईंनी पिन पाठवली आणि वर लिहिलंय, ‘शाळा ओलांडल्यावर निळं दार, फोन काहीही म्हणो.’